बँकॉकची एका दिवसाची खासगी टूर: गाडी ठरवण्यापासून रात्रीच्या याओवारातपर्यंत

बँकॉकमध्ये एकच पूर्ण दिवस हाताशी असेल आणि सोबत आईवडील किंवा लहान मुलं असतील, तर खासगी टूर घेणं फायद्याचं ठरतं. पण हा दिवस बऱ्याचदा एकाच कारणाने फसतो. यादीत दहा ठिकाणं असतात, त्यातली चार गाडीच्या काचेतूनच दिसतात आणि दुपारी दोन वाजता सगळे घामाघूम होऊन हॉटेलवर परत चला म्हणतात. खासगी टूरचे पैसे एसी गाडीसाठी मोजायचे नसतात. कुठे आधी जायचं, कुठे किती वेळ थांबायचं आणि काय सोडून द्यायचं, हे आपण ठरवू शकतो, त्याचे ते पैसे.

बँकॉकमध्ये हे ठरवणं सोपं आहे, कारण शहराचा जुना भाग चाओ फ्राया नदीच्या दोन काठांवर वसला आहे. 1767 मध्ये अयुथ्या ही जुनी राजधानी पडल्यावर राजा ताकसिनने पश्चिम काठावर थोनबुरीला राजधानी केली. 1782 मध्ये राजा पहिल्या रामाने (तिथल्या राजांना राम हे नाव आणि क्रमांक लावून ओळखतात) ती पूर्व काठावर आणली आणि तिथे राजवाडा बांधायला घेतला. राजवाडा, वाट फो आणि वाट अरुण (थाई भाषेत वाट म्हणजे देऊळ) ही तिन्ही मुख्य ठिकाणं एकमेकांपासून चालत किंवा होडीने गाठता येतात. म्हणून दिवस नदीभोवती बांधावा आणि गाडी कमीत कमी वापरावी. खाली दिलेला सगळा क्रम याच हिशेबाने लावला आहे.

बुकिंग करताना काय विचारायचं

पहिला प्रश्न गाइडचा. ‘ड्रायव्हर-कम-गाइड’ अशी जाहिरात दिसली की सावध व्हा. थायलंडमध्ये गाइडचं काम कायद्याने थाई नागरिकांसाठीच राखीव आहे आणि त्यासाठी सरकारी परवाना लागतो. परवाना असलेला गाइड कामावर असताना ओळखपत्र गळ्यात घालतो. नुसता ड्रायव्हर तुम्हाला फाटकाशी सोडेल आणि बाहेर थांबेल, आत काहीही समजावून सांगणार नाही. शिवाय राजवाड्याच्या आसपास गाडी उभी करायला जागा नसते. ड्रायव्हर तुम्हाला उतरवून लांब निघून जातो आणि फोन केल्यावर परत येतो. गाइड वेगळा आणि ड्रायव्हर वेगळा असेल तरच ही जोडी नीट चालते. गाइड इंग्रजी बोलणारे सहज मिळतात, हिंदी बोलणारे मोजके आहेत. हिंदी हवी असेल तर ते बुकिंगच्या वेळीच लिहून घ्या. आदल्या रात्री विचारून उपयोग होत नाही.

दुसरा प्रश्न वेळ मोजण्याचा. टूर आठ तासांची की दहा, आणि ते तास कुठून मोजायचे? काहींच्या हिशेबात वेळ हॉटेलच्या दारातून सुरू होते, तर काहींच्या हिशेबात गाडी त्यांच्या गॅरेजमधून निघाल्यापासून. जादा तासाचा दर किती, एक्स्प्रेसवेचा टोल कोण भरणार, पार्किंग कोणाकडे, प्रवेश तिकिटं दरात धरली आहेत का, होडीचं भाडं आणि दुपारचं जेवण आत की बाहेर, हे सगळं एका मेसेजमध्ये विचारा आणि उत्तर लेखी घ्या. दर माणशी आहे की पूर्ण गटाचा, हेही नीट पाहा. खासगी टूरचा दर बहुतेक वेळा गटाचा असतो आणि माणसं वाढली की गाडी मोठी होते म्हणून तो वाढतो. सेडानमध्ये तीन प्रवासी आरामात बसतात. चार-पाच जण असतील तर मोठी एसयूव्ही लागते, त्याहून जास्त असतील तर नऊ-दहा आसनांची व्हॅन. पाच जणांनी एसयूव्हीत दाटीवाटी करण्यापेक्षा व्हॅन घेतलेली बरी. गुडघे दुखणाऱ्यांना तिच्यात चढउतार करणं सोपं जातं.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ‘शॉपिंग स्टॉप नको’ हे वाक्य बुकिंगमध्ये असलंच पाहिजे. बाजारभावापेक्षा फारच स्वस्त मिळणारी खासगी टूर बहुतेक वेळा रत्नांच्या दुकानावर, शिंप्याकडे किंवा चामड्याच्या वस्तूंच्या शोरूमवर उभी असते. तिथे तुम्हाला नेल्याबद्दल कमिशन मिळतं आणि टूरचा तोटा त्यातून भरून निघतो. अशा एका दुकानात पाऊण तास सहज जातो. तो पाऊण तास वाट फोच्या वाट्याचा होता, हे लक्षात ठेवा.

खर्चाचा साधा हिशेब

परदेशी प्रवाशांसाठी 2025 मधले दर असे: राजवाडा 500 बाथ, वाट फो 300, वाट अरुण 200. म्हणजे माणशी 1000 बाथ फक्त तिकिटांचे. एका बाथला अंदाजे अडीच ते तीन रुपये धरा. राजवाड्यात आणि वाट फोमध्ये 120 सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना तिकीट लागत नाही. वय नाही, उंची मोजतात. सात वर्षांचं उंच मूल असेल तर तिकिटाची तयारी ठेवा. राजवाड्याचं तिकीट अधिकृत संकेतस्थळावर आधी काढता येतं, पण ते निदान आदल्या दिवशी काढावं. सुटे 20 आणि 100 बाथ भरपूर ठेवा. होडी, फुलं, देवळात वाहायच्या नाण्यांच्या वाट्या, पाणी, यांना मोठी नोट चालत नाही.

कपडे

राजवाड्यात वेशभूषेची तपासणी खरोखर होते आणि तिकीट असूनही लोकांना परत पाठवतात. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. शॉर्ट्स, स्लीव्हलेस, फाटकी जीन्स, पारदर्शक कापड, अंगाला घट्ट लेगिंग्ज, यातलं काही चालत नाही. स्लीव्हलेसवर ओढणी टाकून आत जाता येईल असं समजू नका, तेवढ्याने भागत नाही. पुरुषांनी सरळ फुलपँट घालावी, थ्री-फोर्थवर वाद घालत बसू नये. सुती सलवार-कुडता या दिवसासाठी सर्वांत योग्य. साडी नेसणार असाल तर ब्लाउजला बाह्या हव्यात. काही विसरलंच तर समोरच्या दुकानांत हत्तींच्या नक्षीच्या सैल पँट मिळतात, पण तिथे रांगेत वेळ जातो.

चपला सहज काढता-घालता येतील अशा घ्या. दिवसभरात त्या चार-पाच वेळा काढाव्या लागतात. मोज्यांची एक जोडी बॅगेत ठेवा. अकरानंतर अंगणातली फरशी एवढी तापते की अनवाणी दहा पावलंही जड जातात. छत्री, टोपी आणि ओआरएसची पाकिटंही सोबत हवीत. मार्च ते मे हा तिथला कडक उन्हाळा. पावसाळा मेपासून ऑक्टोबरपर्यंत असतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुपारनंतर सरी जोरात येतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सुसह्य.

सकाळी पावणेसात: निघणं

हॉटेल सुक्खुमवित किंवा प्रतुनामच्या बाजूला असेल तर पावणेसातला निघालंच पाहिजे. सात ते साडेनऊ शहर गच्च भरलेलं असतं. साडेआठला निघालेली गाडी राजवाड्याला साडेनऊच्या पुढे पोहोचते आणि तोवर मोठ्या बसचे गट आत शिरलेले असतात. गटात फक्त मोठी माणसं असतील तर आणखी चांगला मार्ग आहे. गाइडला एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या, सनाम चाय स्टेशनवर भेटायला सांगा आणि निळ्या लाइनने या. 2019 मध्ये सुरू झालेलं हे स्टेशन वाट फोपासून चालण्याच्या अंतरावर आहे. एमआरटीच्या फाटकावर परदेशात चालणारं कॉन्टॅक्टलेस व्हिसा किंवा मास्टरकार्ड थेट टेकवता येतं. मात्र एका कार्डावर एकच माणूस जातो, बाकीच्यांना टोकन घ्यावं लागतं.

वाटेत अर्धा तास पाक ख्लोंग तलात या फुलांच्या बाजारात थांबा. बाजार चोवीस तास चालतो, पण उन्हं चढायच्या आत माल ताजा असतो. मोगऱ्याच्या कळ्या, झेंडूचे ढीग, पाकळ्या दुमडून घडी घातलेल्या कमळकळ्या आणि ‘फुआंग मालाय’ या नाजूक विणीच्या माळा इथे मिळतात. दादरच्या फुलबाजाराची सवय असलेल्यांनी माळांच्या विणीकडे निवांत बघावं. सुई, दोरा आणि पाकळ्यांची घडी यांतून इतकं बारीक काम होतं हे पाहण्यासारखं आहे. तिथे नाश्ता होईल अशी अपेक्षा ठेवू नका. पोटात काहीतरी घालूनच हॉटेल सोडा.

साडेआठ ते अकरा: राजवाडा आणि वाट फ्रा केओ

राजवाडा साडेआठला उघडतो आणि तिकीटविक्री दुपारी साडेतीनला थांबते. सव्वाआठला ना फ्रा लान रस्त्यावरच्या फाटकाशी पोहोचा. इथेच बँकॉकची सर्वांत जुनी फसवणूक भेटते. नीटनेटके कपडे घातलेला एक गृहस्थ सांगतो, ‘आज राजवाडा बंद आहे, पूजा आहे, दुपारी उघडेल, तोवर माझा टुकटुकवाला तुम्हाला 20 बाथमध्ये चार देवळं दाखवेल.’ त्या फेरीचा शेवट रत्नांच्या दुकानात होतो. राजघराण्याच्या समारंभासाठी राजवाडा किंवा त्याचा काही भाग खरोखर बंद ठेवतात, पण त्याची सूचना अधिकृत संकेतस्थळावर असते. ती आदल्या संध्याकाळी तुम्ही किंवा गाइडने पाहावी. रस्त्यावरच्या कोणाचंही ऐकू नये, थेट फाटकापर्यंत चालत जावं.

आत गेल्यावर बहुतेक गट धावत वाट फ्रा केओ या राजवाड्याच्या आवारातल्या देवळाच्या मुख्य मंदिराकडे जातात. तुम्ही त्याआधी भिंतींकडे वळा. मंदिराच्या आवाराला चारही बाजूंनी ओवऱ्या आहेत आणि त्यांच्या भिंतींवर ‘रामाकियेन’ या थाई रामकथेची 178 चित्रं आहेत. चित्रं उत्तरेकडच्या दारापासून सुरू होतात आणि पहिल्याच चित्रात जनकाला नांगरताना सीता सापडते. तिथून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने कथा पुढे जाते. गाइडला आधीच सांगून ठेवा की या ओवऱ्यांना किमान चाळीस मिनिटं द्यायची आहेत. रामायण तोंडपाठ असलेल्या घरातल्या माणसांना इथे दुहेरी आनंद मिळतो. प्रसंग ओळखीचे असतात आणि तरी जागोजागी चकवतात. इथला हनुमान पांढराशुभ्र आहे आणि ब्रह्मचारी नाही. सुवर्णमत्स्या या मत्स्यकन्येशी त्याचं प्रेम जमतं, तिच्यापासून त्याला मुलगाही होतो. सीता ही रावणाचीच मुलगी. रावणाचं नाव थोत्साकान, म्हणजे आपला दशकंठ, आणि त्याचा रंग हिरवा. राम हिरवा, लक्ष्मण सोनेरी. हे रंग एकदा लक्षात आले की गाइडशिवायही चित्रं वाचता येतात. दारांवर जे प्रचंड यक्ष उभे आहेत, त्यांतही हा हिरवा थोत्साकान सापडतो. मुलांना तो शोधायला सांगा.

मग मुख्य मंदिर. इथली पाचूची म्हणून ओळखली जाणारी बुद्धमूर्ती जगप्रसिद्ध असली तरी आकाराने लहान, सुमारे 66 सेंटिमीटर उंच आहे आणि ती पाचूची नसून हिरव्या दगडाची आहे. ती उंच सिंहासनावर बसवलेली असल्यामुळे खालून आणखीच लहान दिसते. इतक्या लांबून येऊन एवढीशीच मूर्ती, असं अनेकांना वाटतं. तिचा प्रवास माहीत असला की तसं वाटत नाही. 1434 मध्ये ती चियांग राय इथे सापडली. पुढे ती लाओसमध्ये विएन्तिआनला होती. तिथून 1779 मध्ये ती थोनबुरीला आली आणि 1784 मध्ये नदी ओलांडून या मंदिरात. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा असे तिचे तीन पोशाख आहेत आणि ऋतू बदलला की तो बदलण्याचा विधी राजा स्वतः करतो. त्या दिवसांत मंदिर काही काळ बंद राहू शकतं. आत फोटो काढायला मनाई आहे. बसताना पाय मागे दुमडून बसा, तळवे मूर्तीकडे करू नका. टोपी काढा.

इथून पुढे राजवाड्याच्या इमारती. चक्री महाप्रासादाची खालची बाजू युरोपीय धाटणीची आहे आणि माथ्यावर थाई कळस आहेत. पाचव्या रामाच्या काळातली ही इमारत बाहेरूनच बघायची असते, त्यामुळे वीस मिनिटं पुरतात. तिकिटात वस्त्रसंग्रहालयही आहे. बाहेर ऊन असह्य झालं असेल किंवा पाऊस कोसळत असेल तर तिथल्या एसीत अर्धा तास घालवावा. विणकाम आणि कापडात ज्यांना रस आहे, त्यांनी मात्र तो अर्धा तास राखूनच ठेवावा.

अकराच्या सुमारास बाहेर पडा. या वेळेला फाटकाशी आत येणाऱ्यांची गर्दी असते. गटातला कोणी मागे राहिला तर कुठे भेटायचं ती जागा आत शिरतानाच ठरवून ठेवावी.

अकरा ते साडेबारा: वाट फो

राजवाड्यापासून वाट फो दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर आहे. आजी-आजोबा असतील तर गाइडला टुकटुक थांबवायला सांगा आणि भाडं त्यालाच ठरवू द्या. इथला शयनमुद्रेतला बुद्ध 46 मीटर लांब आणि 15 मीटर उंच आहे. तिसऱ्या रामाच्या काळातली ही मूर्ती तिच्या दालनात इतकी घट्ट बसली आहे की कुठूनही ती पूर्ण नजरेत मावत नाही. खांबांमधून तुकड्यातुकड्याने बघायची. सर्वांत सुंदर भाग तळव्यांचा आहे. शिंपल्याच्या चकाकत्या तुकड्यांनी त्यांवर 108 शुभचिन्हं जडवली आहेत. मागच्या बाजूला 108 कांस्यपात्रांची रांग आहे. 20 बाथला सुट्या नाण्यांची वाटी मिळते आणि एकेक नाणं एकेका पात्रात टाकत जायचं. नाण्यांचा आवाज संपूर्ण दालनात घुमत असतो. बॅग पुढे घ्या आणि मगच नाणी टाका, कारण सगळ्यांचं लक्ष तिकडे असल्याचा फायदा पाकीटमार घेतात.

बहुतेक जण एवढं पाहून निघतात आणि अर्धं वाट फो बघायचं राहून जातं. चार मोठे स्तूप बघा. हिरवा पहिल्या रामाचा, पांढरा दुसऱ्याचा, पिवळा तिसऱ्याचा आणि निळा चौथ्याचा. छोट्या टेकड्यांवर ऋषींचे पुतळे अंग ताणून बसलेले दिसतील. हा थाई व्यायामप्रकार ‘रुसी दत तोन’. आसनं करणाऱ्यांना काही मुद्रा लगेच ओळखू येतील. आवारातल्या शिलालेखांत औषधोपचार आणि मालिशची माहिती कोरलेली आहे आणि ते युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत आहेत. म्हणूनच थाई मालिशची नावाजलेली शाळा इथेच आहे. सकाळभर चालून पाय भरून आले असतील तर इथली अर्ध्या तासाची पायांची मालिश घ्या. रांग असते, त्यामुळे आत आल्याबरोबर आधी नाव नोंदवावं आणि मग देऊळ बघावं. पाठीचा किंवा मणक्याचा त्रास असेल तर थाई पद्धतीची पूर्ण मालिश घेऊ नका. तिच्यात अंग पिळतात आणि ताणतात.

जेवण, आणि शाकाहारी मंडळींसाठी

दुपारचं जेवण साडेबारा ते दोन. ही विश्रांतीही आहे, ती कापू नका.

थाई स्वयंपाकात शाकाहार अवघड होतो तो मांसामुळे नव्हे, तर ‘नाम प्ला’ या माशाच्या सॉसमुळे आणि ‘कापी’ या सुकवलेल्या कोळंबीच्या वाटणामुळे. भाज्यांची दिसणारी ग्रीन करीसुद्धा कापी घातलेल्या मसाल्यातून होते. कच्च्या पपईच्या सोम तामात सुकी कोळंबी आणि नाम प्ला दोन्ही असतात. ‘व्हेजिटेरियन’ म्हटल्यावर मांसाचे तुकडे काढून दिले तरी सॉस तोच राहतो. म्हणून ‘जे’ हा शब्द वापरा. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात तो लिहिलेला असतो. ‘जे’ अन्नात मांस, मासे, अंडी, दूध तर नसतंच, शिवाय कांदा-लसूणही नसतो. चातुर्मासाचं पथ्य पाळणाऱ्यांची इथे चांगली सोय होते. जैन मंडळींनी मात्र बटाटा, गाजर यांसारख्या कंदमुळांबद्दल वेगळं सांगावं, ती ‘जे’मध्ये चालतात. अंडं-दूध चालत असेल तर ‘मांगसाविरात’ म्हणावं. गाइडकडून थाई लिपीत एक चिठ्ठी लिहून घ्या: मासा, कोळंबी, माशाचा सॉस, ऑयस्टर सॉस, अंडं नको. ती दिवसभर आणि पुढच्या प्रवासातही कामाला येते.

वरण-भात-पोळीच हवी असेल तर फाहुरात या भागात जा. कापडबाजार, गुरुद्वारा आणि भारतीय खाणावळी असलेला हा भाग वाट फोपासून जवळ आहे. मुलं तिखटाने कंटाळली असतील तर आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात हमखास चालतो. मार्च ते मे हा तिथल्या आंब्याचा मोसम.

दोन ते सव्वातीन: होडीने थोनबुरीचे कालवे

दुपारी दोनला कोणतंही उघडं अंगण टाळायचं असतं, आणि छप्पर असलेल्या होडीत वारं लागतं. हा तास कालव्यांना द्यायचा तो म्हणूनच. था तिएन किंवा था चांग धक्क्यावरून लांब शेपटीची होडी, ‘रुआ हांग याओ’, खासगी भाड्याने मिळते. ट्रकच्या इंजिनासारखं मोठं इंजिन आणि त्याला जोडलेला लांब दांडा, अशी तिची रचना. भाडं माणशी ठरवू नका, पूर्ण होडीचं ठरवा. ठरवताना तीन गोष्टी एकत्र सांगा: एक तास, कालव्यांतून वळसा, आणि शेवटी वाट अरुणच्या धक्क्यावर सोडायचं. तिसरी गोष्ट राहिली तर होडीवाला पुन्हा निघालेल्या धक्क्यावरच आणून सोडतो. धक्क्यावर उतरण्याचं किरकोळ शुल्क कोण देणार, तेही तेव्हाच विचारा.

कालव्यांच्या तोंडाशी पाणी अडवणारे दरवाजे असतात. नदी आणि कालव्याच्या पाण्याची पातळी जुळेपर्यंत होड्या थांबतात, त्यात दहा-पंधरा मिनिटं जाऊ शकतात. पाण्याची पातळी फार वर-खाली असेल तर दरवाजा बंदच राहतो आणि मार्ग बदलावा लागतो. यात फसवणूक काही नाही. आत शिरल्यावर खांबांवरची लाकडी घरं, कुंड्या लावलेले ओटे, छोटी देवळं आणि पाण्यात पोहणाऱ्या मोठ्या घोरपडी दिसतात. वाट पाकनामचा 69 मीटर उंच सोनेरी बुद्ध घरांच्या छपरांवर अचानक वर येतो. इंजिनाच्या आवाजात गाइडचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून काय दिसणार आहे ते त्याने धक्क्यावरच सांगावं. लाइफ जॅकेट मागून घ्या, मुलांना तर घालाच. फोन हातात धरून बाहेर झुकू नका, दुसऱ्या होडीची लाट आली की होडी जोरात उडते. एखादी फेरीवाली होडी शेजारी येते आणि ‘होडीवाल्यासाठी काहीतरी घ्या’ म्हणते. घ्यायलाच हवं असं काही नाही.

‘फ्लोटिंग मार्केट याच दिवसात बसवा’ अशी मागणी अनेक जण करतात. दामनोएन सादुआक हा प्रसिद्ध तरंगता बाजार बँकॉकमध्ये नाही, सुमारे 100 किलोमीटरवर रात्चाबुरी प्रांतात आहे. जायला दीड-दोन तास, यायला तेवढेच. तो आणि राजवाडा एका दिवसात करायला गेलात तर दोन्ही अर्धवट होतात. शनिवार-रविवार असेल तर शहराच्याच पश्चिमेला तालिंग चान किंवा ख्लोंग लात मायोम हे साप्ताहिक बाजार आहेत. स्थानिक लोक तिथे जेवायला जातात. कालव्यांच्या फेरीऐवजी त्यांतला एक घेता येईल.

सव्वातीन ते साडेचार: वाट अरुण

सूर्याचा सारथी अरुण, त्याच्या नावाचं हे देऊळ. थोनबुरी राजधानी असताना ती हिरवी बुद्धमूर्ती इथेच होती. आज दिसतो तो उंच शिखराचा मनोरा दुसऱ्या आणि तिसऱ्या रामाच्या काळात उभा राहिला. लांबून तो दगडी वाटतो. जवळ गेल्यावर कळतं की तो चिनी मातीच्या ताटल्या-वाट्यांच्या तुकड्यांनी मढवला आहे. फुलाच्या एकेका पाकळीला बशीचा एकेक तुकडा बसवला आहे. वर पाहिलंत तर तीन सोंडांच्या ऐरावतावर बसलेला इंद्र दिसतो. या बाजूच्या मुख्य मंदिराच्या दारातही दोन यक्ष उभे आहेत, पांढरा सहस्रतेज आणि हिरवा थोत्साकान. सकाळी शोधलेला थोत्साकान मुलं लगेच ओळखतात.

पायऱ्या खूप चढ्या आणि अरुंद आहेत. शिखरापर्यंत चढता येत नाही, खालच्या गच्चीपर्यंतच जाऊ देतात आणि तेवढंही गुडघेदुखीच्या माणसाने टाळावं. चढणं सोपं, उतरताना त्रास होतो. कठडा धरून, आडवं पाऊल टाकत उतरा. खालूनच काम जास्त चांगलं दिसतं, त्यामुळे न चढणाऱ्यांचं काही राहून गेलं असं होत नाही. आवारात थाई पोशाख भाड्याने घेऊन फोटो काढणाऱ्यांची गर्दी असते. घरातल्या तरुणांना तो हवा असेल तर किमान तासभर जादा धरा.

साडेचारनंतर: गाडी सोडून द्या

इथे बहुतेक टूर चुकतात. चारनंतर रस्ते भरायला लागतात, शुक्रवारी आणि पावसात तर गाड्या जागच्या हलत नाहीत. शॉपिंग मॉलकडे जाऊ म्हणून गाडीत बसलात तर सूर्यास्त सिग्नलवर होतो. गाडी फक्त सकाळपासून दुपारपर्यंत ठरवा, गाइड संध्याकाळपर्यंत ठेवा. वाट अरुणच्या धक्क्यावरून पलीकडे था तिएनला जाणारी होडी काही मिनिटांत पोहोचते आणि भाडं पाच बाथच्या आसपास असतं. वाट अरुणचा मनोरा सर्वांत सुंदर दिसतो तो या पलीकडच्या काठावरून, मागे सूर्य मावळताना. सूर्यास्त डिसेंबरमध्ये सहाच्या किंचित आधी, जून-जुलैत पावणेसातच्या सुमारास होतो. काठावरच्या गच्चीवरच्या कॅफेत जागा हवी असेल तर आधी राखून ठेवा. संध्याकाळी सहाला सार्वजनिक ठिकाणी राष्ट्रगीत वाजलं आणि लोक थांबले तर तुम्हीही थांबा. राजा आणि राजघराण्याबद्दल चेष्टेने बोलू नका, तिथला कायदा याबाबत फार कडक आहे.

तिथून सनाम चायहून एमआरटीने दोन स्टेशनं, सॅम योत आणि मग वाट मांगकोन. बाहेर आलं की याओवारात, म्हणजे चायनाटाउन. सहानंतर रस्त्याच्या कडेला खाण्याच्या गाड्या लागतात, सोमवारी मात्र त्यांतल्या बऱ्याच बंद असतात. शुद्ध शाकाहारी माणसाला इथे खाण्यापेक्षा बघायला जास्त मिळतं. भाजलेले चेस्टनट, डाळिंबाचा रस आणि फळं एवढं निर्धास्त घ्यावं. जवळच्या वाट त्रायमितमध्ये साडेपाच टनांची सोन्याची बुद्धमूर्ती आहे. ती अनेक वर्षं चुन्याच्या थराखाली दडलेली होती आणि 1955 मध्ये हलवताना थर फुटून सोनं दिसलं. पण ते देऊळ पाचच्या सुमारास बंद होतं. ते बघायचंच असेल तर कालव्यांची फेरी सोडा आणि जेवणानंतर थेट तिकडे जा.

खाण्यापेक्षा देवळात रस असेल तर याओवारातऐवजी दुपारीच ‘देवस्थान’ नावाचं देऊळ बघा. वाट सुथातसमोर, लाल रंगाच्या प्रचंड झुल्याच्या जवळ थाई राजदरबारच्या ब्राह्मणांचं हे स्थान आहे. तिथे शिव, विष्णू आणि गणपती यांची वेगवेगळी मंदिरं आहेत. गणपती, म्हणजे ‘फ्रा फिकानेत’, थायलंडच्या ललितकला विभागाच्या बोधचिन्हावरही आहे.

पाऊस सकाळीच कोसळला किंवा राजवाडा बंद असला तर सनाम लुआंगच्या मैदानापलीकडचं राष्ट्रीय संग्रहालय घ्या. ते सोमवारी आणि मंगळवारी बंद असतं. त्या दोन दिवसांसाठी वाट फो लांबवणं हाच पर्याय राहतो आणि तो वाईट नाही. परतताना वाट मांगकोनहून सुक्खुमवित स्टेशनपर्यंत निळी लाइन सरळ जाते, गाडी बदलावी लागत नाही. मुलं झोपेला आली असतील तर ग्रॅब किंवा बोल्ट ॲपवरून गाडी मागवा, पण आठनंतर. त्याआधी मागवलीत तर ती पोहोचायलाच अर्धा तास घेते.